ईव्ह ऑनलाइन: पहिला महिना कसा काढावा

ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातल्या जहाजांचा ऑनलाइन खेळ. त्यात फुटलेलं जहाज परत मिळत नाही. मागच्या सेव्हवर जाता येत नाही, डाव नव्यानं मांडता येत नाही. जहाज गेलं की त्यावर बसवलेलं सामान जातं, पोटातला माल जातो, आणि त्यातलं जे काही शाबूत राहतं ते मारणारा अवशेषांतून उचलून नेतो. आइसलंडच्या सीसीपी गेम्सनं हा खेळ ६ मे २००३ रोजी सुरू केला. तिथला बाजार, लढाया, मैत्री, दगाबाजी, सगळं या एका नियमावर उभं आहे. चीनचा स्वतंत्र सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू ट्रँक्विलिटी नावाच्या एकाच सर्व्हरवर खेळतात, त्यामुळे ज्यानं आज तुम्हाला लुटलं तो उद्याही त्याच आकाशात असतो.

नवख्यानं पहिल्या महिन्यात शिकायची गोष्ट एकच: जहाज स्वस्तात गमवायचं, आणि ते का गेलं हे नेमकं ओळखायचं. पुढचे सगळे टप्पे त्याच हिशेबानं लावले आहेत.

खातं उघडताना

अमार, काल्डारी, गॅलेंटी आणि मिनमातार या चार वंशांतला कुठलाही निवडा. सुरुवात कुठे होते आणि हाताशी आधी कुठली जहाजं येतात एवढाच फरक पडतो. पुढे कुठल्याही वंशाची जहाजं शिकता येतात. यावर तासभर विचार करू नका.

नोव्हेंबर २०१६पासून खेळ फुकट खेळता येतो. फुकट खात्याला अल्फा म्हणतात, पैसे भरलेल्याला ओमेगा. ओमेगाची स्किल्स दुप्पट वेगानं वाढतात आणि जहाजांवरची बंधनं उठतात. पहिले दोन-तीन आठवडे अल्फावरच काढा. हा खेळ सगळ्यांना मानवत नाही, आणि तो मानवतो की नाही हे कळायला पैसे भरावे लागत नाहीत. एक मात्र ध्यानात ठेवा: अल्फा खातं चालू असताना त्याच वेळी दुसरं खातं चालवायला परवानगी नाही, आणि ते केल्यास कारवाई होते. बाहेरच्या कुणाकडून खऱ्या पैशांत इस्क, म्हणजे खेळातलं चलन, घेणंही नियमबाह्य आहे. अधिकृत वाट प्लेक्सची. ५०० प्लेक्समध्ये ३० दिवसांचा ओमेगा मिळतो, आणि प्लेक्स बाजारात इस्कला विकताही येतात.

प्लेक्स विकून पहिल्याच आठवड्यात मोठी बॅटलशिप घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. घेऊ नका. ती वळायला वेळ लावते, छोट्या जहाजांवर तिच्या तोफा नीट लागत नाहीत, आणि तुमची स्किल्स तिला पुरी पडत नाहीत. दोन फ्रिगेट, म्हणजे छोटी चपळ जहाजं, मिळून तिला शांतपणे मारू शकतात.

स्किल्स घड्याळावर चालतात

ईव्हमध्ये शत्रू मारून अनुभव वाढत नाही. स्किल रांगेत लावायचं, ते खऱ्या वेळेनं शिकत राहतं, तुम्ही खेळ बंद करून झोपलात तरी. प्रत्येक स्किलच्या पाच पायऱ्या असतात, आणि इथलं गणित समजून घेण्यासारखं आहे. सगळ्यात सोप्या स्किलची चौथी पायरी गाठायला एकूण ४५,२५५ गुण लागतात, पाचवीला २,५६,०००. म्हणजे चार पायऱ्यांची मिळून मेहनत एकूण मेहनतीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी, आणि उरलेली सगळी शेवटच्या एका पायरीवर. म्हणून सुरुवातीला सगळं तिसऱ्यापर्यंत न्या, रोज लागणारं चौथ्यापर्यंत, आणि पाचवी पायरी फक्त तेव्हाच लावा जेव्हा एखादं जहाज किंवा सामान ती मागतं.

आधी काय लावायचं? सीपीयू मॅनेजमेंट, पॉवर ग्रिड मॅनेजमेंट, कॅपॅसिटर मॅनेजमेंट, मेकॅनिक्स, शील्ड मॅनेजमेंट, नेव्हिगेशन, इव्हेसिव्ह मनूव्हरिंग, लाँग रेंज टार्गेटिंग. जुने खेळाडू 'मॅजिक फोर्टीन' म्हणतात त्या चौदांमधली ही. कुठल्याही जहाजात बसा, ही कामाला येतातच. तोफांची आणि जहाजांची स्किल्स त्यांच्या मध्ये मध्ये घालत जा. रांग रिकामी राहिली तर तो वेळ वाया गेला म्हणून समजा.

पहिले चार दिवस

सुरुवातीचा शिकवणीचा भाग संपला की एजन्सीच्या खिडकीतून करियर एजंट शोधा आणि त्यांची सगळी कामं करा. कामं कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका; त्यांतून फुकट जहाजं, स्किलची पुस्तकं आणि थोडं भांडवल मिळतं. शिवाय लढाई, शोधमोहीम, खाणकाम आणि उत्पादन यांतलं आपल्याला काय आवडतं हे कळतं.

खाणकामाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. व्हेंचर हे नवख्याचं खाणीचं जहाज उत्तम आहे. त्याला वॉर्पची, म्हणजे सूर्यमालेत लांब झेप घ्यायची, उपजतच जास्तीची ताकद आहे; एकट्या डिसरप्टरनं, म्हणजे वॉर्प अडवणाऱ्या यंत्रानं, ते अडकत नाही. पण महिनाभर एकट्यानं दगड फोडत बसणारे बहुतेक लोक कंटाळून खेळ सोडतात. चार माणसांबरोबर गप्पा मारत खाणकाम करा, एकट्यानं करू नका.

याच दिवसांत दोन गोष्टी नीट लावून घ्या. पहिली, सेफ्टीचं बटण. ते हिरवं असेल तर तुमच्या हातून बेकायदा गोष्ट घडूच शकत नाही: चुकून कुणावर गोळी सुटत नाही, दुसऱ्याच्या अवशेषांतला माल उचलला जात नाही. कुणी 'ये, या डब्यातलं सामान तुझंच' म्हणालं आणि त्यासाठी सेफ्टी पिवळी करावी लागली, तर ते आमिष आहे. माल उचलताच तुम्ही १५ मिनिटांसाठी 'सस्पेक्ट' ठरता आणि तेवढा वेळ कुणीही तुम्हाला मारू शकतं.

दुसरी, ओव्हरव्ह्यू. उजव्या बाजूची ती यादी म्हणजे ईव्हमधले तुमचे डोळे. एक टॅब प्रवासासाठी ठेवा: गेट (दुसऱ्या सूर्यमालेत उडी मारायचं दार), स्टेशन, ग्रह, सूर्य आणि खेळाडूंची जहाजं, एवढंच. दुसरा लढाईसाठी: खेळाडू आणि संगणकाचे शत्रू, दगड-अवशेष काही नको. रकान्यांत अंतर, नाव, जहाजाचा प्रकार आणि वेग हवाच. यादीत अडीचशे दगड आणि त्यांत एक मारेकरी असला तर तो तुम्हाला मारल्यावरच दिसतो.

जहाज बसवताना

दहाचा नियम पाळा: जे जहाज सामानासकट दहा वेळा परत घेता येईल तेच बाहेर काढा. विमा उतरवला तरी भरपाई फक्त सांगाड्याची मिळते, सामानाची नाही. विमा न उतरवताही मूळ किमतीच्या ४० टक्के परत येतात, म्हणून साध्या फ्रिगेटचं नुकसान फारसं लागत नाही.

नवख्यांच्या हातून हमखास होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. शील्ड आणि आर्मर दोन्ही अर्धं अर्धं बसवणं. एकच निवडा आणि तेच मजबूत करा. एकाच जहाजावर जवळच्या आणि लांबच्या पल्ल्याच्या तोफा मिसळणं; मग एक पल्ला साधला की दुसऱ्या तोफा निकामी. मिड स्लॉट, म्हणजे सामान बसवायच्या मधल्या जागा, रिकामे ठेवणं. आणि इंजिन न बसवणं, जी सगळ्यात वाईट. आफ्टरबर्नर किंवा मायक्रोवॉर्पड्राइव्ह यांतलं एक प्रत्येक जहाजावर हवंच. मायक्रोवॉर्पड्राइव्ह कितीतरी वेगवान, पण चालू असताना तुमचं जहाज शत्रूच्या तोफांना मोठं लक्ष्य दिसतं, आणि स्क्रॅम्बलर (जवळच्या पल्ल्याचं वॉर्प अडवणारं यंत्र) लागला की हे इंजिन बंद पडतं. आफ्टरबर्नर हळू, पण स्क्रॅम्बलरखालीही चालतो.

संगणकाच्या शत्रूंशी लढताना कोण कुठल्या माऱ्याला कच्चा आहे ते आधी बघा: गुरिस्तास कायनेटिकला, सान्शा आणि ब्लड रेडर ईएमला, सर्पेंटिस थर्मलला, एंजल एक्स्प्लोसिव्हला. त्याप्रमाणे दारूगोळा बदलला की तेच काम बऱ्याच कमी वेळात होतं.

सुरक्षित म्हणजे काय

प्रत्येक सूर्यमालेला एक आकडा असतो. ०.५ ते १.० म्हणजे हायसेक, ०.१ ते ०.४ लोसेक, ०.० आणि त्याखाली नलसेक. हायसेकमध्ये कॉनकॉर्ड हे पोलीस आहेत, पण ते हल्ला थांबवत नाहीत. हल्लेखोराला शिक्षा करतात, आणि तीही काही सेकंदांनी. १.० मध्ये ते लवकर येतात, ०.५ मध्ये उशिरा. त्या उशिराच्या सेकंदांत चार-पाच कॅटलिस्ट जहाजं मिळून तुमचं मालवाहू जहाज फोडतात, स्वतःची स्वस्त जहाजं पोलिसांच्या हवाली करतात आणि त्यांचा साथीदार तुमचा माल उचलतो. हिशेब साधा आहे: मालाची किंमत त्यांच्या जहाजांपेक्षा जास्त झाली की तुम्ही शिकार. म्हणून महाग माल एका खेपेत नेऊ नका, आणि ऑटोपायलट लावून जेवायला उठू नका. ऑटोपायलट गेटच्या अलीकडे थांबवतो आणि उरलेलं अंतर रांगत पार करतो. मारेकरी नेमकं तिथेच बसलेले असतात.

गेट: एक मिनिट हातात असतं

बहुतेक जहाजं गमावली जातात ती गेटवर, म्हणून हा प्रसंग बारकाईनं बघू.

गेटच्या २,५०० मीटरच्या आत आलात की उडी मारता येते. पलीकडे तुम्ही गेटपासून साधारण १२ किलोमीटरवर निघता आणि काहीही हालचाल केली नाही तर ६० सेकंद अदृश्य राहता. कुणी तुम्हाला लॉक करू शकत नाही, म्हणजे तुमच्यावर नेम धरू शकत नाही. गेट चमकलेला मात्र दिसतो आणि तुमचं नाव लोकलच्या (त्या सूर्यमालेच्या गप्पांच्या खिडकीच्या) यादीत येतं, म्हणजे कुणीतरी आलंय हे त्यांना कळलेलं असतं.

नवखा घाबरून लगेच वॉर्प दाबतो. ते करू नका. ते मिनिट वापरा. ओव्हरव्ह्यूत बघा: खेळाडू आहेत का, कुठल्या जहाजांत, किती अंतरावर. सगळं मोकळं असेल तर पुढच्या गेटला शून्यावर, म्हणजे अगदी लगत, वॉर्प करा आणि निघा. ३० किलोमीटरवर कुणी मोठं जहाज बसलं असेल, आणि तुम्ही फ्रिगेटमध्ये असाल, तर तुम्हाला लॉक करण्याआधी तुमचं वॉर्प लागतं. जवळच चपळ फ्रिगेट बसली असेल तर मामला कठीण. वॉर्प लागायला जहाजाचं तोंड त्या दिशेला वळावं लागतं आणि वेग कमाल वेगाच्या ७५ टक्क्यांवर जावा लागतो. त्या दोन-चार सेकंदांत तुम्हाला पकडतात. अशा वेळी दुसरा रस्ता: इंजिन चालू करून आलात त्याच गेटकडे परत पळा आणि उलट उडी मारा. वाटेत एकही गोळी झाडू नका. तुम्ही गोळी झाडलीत की ६० सेकंद उडी मारता येत नाही. ज्यांनी तुमच्यावर झाडली त्यांनाही तोच नियम, म्हणून ते लगेच पाठलाग करू शकत नाहीत. तुम्ही पलीकडे सुटता आणि ते मागे अडकतात.

नलसेकमध्ये याच्यावर आणखी एक संकट: बबल. बबलच्या आत साध्या जहाजांना वॉर्प करता येत नाही, आणि गेटच्या रेषेत लावलेला बबल तुम्हाला वॉर्पमधून ओढून गेटपासून दूर पाडतो. उपाय असा की एका गेटवरून थेट दुसऱ्या गेटवर जायचं नाही. आधी एखाद्या ग्रहावर वॉर्प करायचं, तिथून डी-स्कॅन (आसपासची जहाजं दाखवणारा स्कॅनर) मारायचा, आणि मग वेगळ्या कोनातून गेटवर उतरायचं.

डी-स्कॅनची सवय

डायरेक्शनल स्कॅनर, म्हणजे डी-स्कॅन, १४.३ एयूपर्यंत बघतो (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर). एका सूर्यमालेत ही बरीच जागा आहे, पण सगळी नाही. धोक्याच्या भागात असाल तर दर पाच-दहा सेकंदांनी तो दाबत राहा. नेहमीची कळ व्ही आहे. यादीत 'कोअर स्कॅनर प्रोब' (साइट शोधायचं उडतं यंत्र) दिसला तर तुमच्यासारखाच कुणी शोधकरी आहे. 'कॉम्बॅट स्कॅनर प्रोब' दिसला तर कुणीतरी तुम्हालाच शोधतंय, हातातलं काम टाकून निघा. अदृश्य असलेलं जहाज डी-स्कॅनवर येत नाही, हे विसरू नका.

लोकल हा दुसरा पहारेकरी. हायसेक, लोसेक आणि नलसेकमध्ये कुणी सूर्यमालेत आलं की त्याचं नाव लगेच दिसतं. वर्महोलमध्ये, म्हणजे भोकांतून शिरायच्या गेट नसलेल्या सूर्यमालांत, तसं नाही: तिथे कुणी बोलेपर्यंत नाव येत नाही. म्हणून वर्महोलमध्ये डी-स्कॅन हाच एकमेव आधार. आत शिरल्या शिरल्या ज्या भोकातून आलात त्याचा बुकमार्क करा. ते न केल्यामुळे आणि प्रोब लाँचर सोबत नसल्यामुळे आत अडकून पडलेले नवखे नेहमी भेटतात.

पहिली कमाई

शोधमोहीम, म्हणजे लपलेल्या साइट शोधून त्यांतला माल काढणं, हा आमच्या मते नवख्याचा सगळ्यात चांगला धंदा. भांडवल कमी, जहाज स्वस्त, आणि मिळकत हायसेकच्या खाणकामापेक्षा कितीतरी जास्त होऊ शकते. हेरॉन, मॅग्नेट, प्रोब, इमिकस यांतलं तुमच्या वंशाचं फ्रिगेट घ्या. कोअर प्रोब लाँचर, रेलिक ॲनालायझर, डेटा ॲनालायझर आणि मायक्रोवॉर्पड्राइव्ह बसवा. तोफा बसवायचीच गरज नाही.

आठ प्रोब सोडा, सिग्नलच्या भोवती ठेवा आणि टप्प्याटप्प्यानं घेर कमी करत न्या. सिग्नल १०० टक्क्यांवर आला की तिथे वॉर्प करता येतं. आधी हायसेकमध्ये हात बसवा, मग लोसेक, मग नलसेक. नलसेकच्या रेलिक साइटमध्ये खरा पैसा आहे. साइटच्या नावाकडे मात्र नीट बघा: अंतराळातल्या चाच्यांच्या टोळीचं नाव असलेल्या रेलिक आणि डेटा साइटवर सहसा पहारेकरी नसतात, पण वर्महोलमध्ये 'फरगॉटन' किंवा 'अनसिक्युअर्ड' नावानं सुरू होणाऱ्या साइटवर स्लीपर नावाचे संगणकाचे शत्रू असतात, आणि ते तुमच्या फ्रिगेटला क्षणात संपवतात.

पोट भरलं की थांबा. 'आणखी एक साइट' हे शब्द मनात आले की तोच परतीचा क्षण. माल जिटाला विका. जिटा ४-४ हे स्टेशन म्हणजे ईव्हचा सगळ्यात मोठा बाजार.

पहिली लढाई

लढायला स्किल्स पूर्ण व्हायची वाट बघू नका. ताफ्यात चार दिवसांच्या खेळाडूचंही काम असतं: टॅकल, म्हणजे शत्रूला पळू न देणं. ॲट्रॉन, स्लॅशर, कॉन्डोर, एक्झिक्युशनर ही त्यासाठीची वेगवान फ्रिगेट. साध्या डिसरप्टरचा पल्ला २० किलोमीटर, साध्या स्क्रॅम्बलरचा ७.५. स्क्रॅम्बलर शत्रूचा मायक्रोवॉर्पड्राइव्हही बंद करतो, म्हणून तो लागला की मोठं जहाज जागीच खिळतं.

शत्रूकडे सरळ रेषेत जाऊ नका. सरळ जाताना तुम्ही त्याच्या तोफांसमोर जणू स्थिर असता आणि एका फेरीत फुटता. तिरके जा, वर्तुळात वळत वळत अंतर कमी करा. तोफांना तुमच्याबरोबर फिरता येत नाही. पॉइंट (डिसरप्टर किंवा स्क्रॅम्बलर) लागला की ताफ्याला लगेच सांगा: कोण, कुठे, किती अंतरावर. 'पकडलाय' एवढंच ओरडून उपयोग नाही.

जहाज फुटलं की तुम्ही पॉडमध्ये, म्हणजे चालकाच्या छोट्या कुपीत, असता. पॉडही मारता येतो, आणि मग डोक्यात बसवलेले इम्प्लांट, म्हणजे क्षमता वाढवणारी यंत्रं, जातात. स्किल्स जात नाहीत. फुटणार असं दिसलं की आधीच एखादा ग्रह निवडून ठेवा आणि फुटताक्षणी वॉर्प दाबत राहा. लोसेकमध्ये बबल नसतात, त्यामुळे झटपट बोटांनी पॉड बहुतेक वेळा वाचतो. मेल्यावर समोरच्याला 'जीएफ' ('गुड फाइट') लिहायची पद्धत आहे. अनेकदा तोच मारेकरी तुमचं जहाज कसं चुकीचं बसवलं होतं ते समजावून सांगतो. विचारायला लाजू नका.

माणसं आणि ठग

पहिल्या दोन आठवड्यांत कॉर्प, म्हणजे खेळाडूंची संघटना, शोधा. ईव्ह युनिव्हर्सिटी ही शिकवणारी कॉर्प २००४पासून आहे, आणि नवख्यांना घेणाऱ्या मोठ्या कॉर्प इतरही आहेत. चांगली कॉर्प ओळखायची खूण: ती तुमच्याकडून पैसे मागत नाही, गमावलेल्या फ्रिगेटची भरपाई देते, आणि तुमच्या वेळेला तिथे माणसं जागी असतात. 'सुरक्षा ठेव' किंवा 'तुझी सगळी जहाजं आमच्या वाहतूकदाराला दे' असं म्हणणारी कॉर्प ठग आहे. खेळाच्या नियमांत फसवणूक चालते, म्हणून तक्रार करून काही परत येत नाही. जिटाच्या लोकलमधलं 'इस्क पाठवा, दुप्पट मिळवा' कायम खोटं. कॉन्ट्रॅक्ट घेताना शून्यं मोजा, वस्तूचं पूर्ण नाव वाचा, आणि तुम्ही विकत घेताय की विकताय ते तपासा.

मोठ्या युद्धांत जायची संधी मिळाली तर नक्की जा. २७-२८ जानेवारी २०१४ची बी-आर५आरबी या सूर्यमालेतली लढाई सुमारे २१ तास चालली आणि त्यात ७५ टायटन, म्हणजे खेळातली सगळ्यात मोठी जहाजं, फुटली. ठिणगी पडली ती एका सूर्यमालेचं ठरलेलं शुल्क भरायचं राहून गेल्यामुळे. अशा गर्दीत सर्व्हर खेळाची गती १० टक्क्यांपर्यंत खाली आणतो, म्हणून सोबत पाणी आणि सबुरी ठेवा.

मित्राला आणत असाल तर

जुने खेळाडू प्रेमापोटी नवख्याचं नुकसान करतात. अब्जावधी इस्क हातात ठेवतात, मोठं जहाज देतात, आणि मग ते पहिल्याच गेटवर फुटतं. त्याऐवजी एकसारखी बसवलेली पाच स्वस्त फ्रिगेट द्या. त्याच्याबरोबर ताफ्यात बसा, स्वतःही तसंच फ्रिगेट घ्या. ओव्हरव्ह्यू त्याच्याकडून लावून घ्या, तुम्ही लावून देऊ नका. पहिल्या संध्याकाळी लोसेकमध्ये न्या आणि मरू द्या.

मग किलमेल, म्हणजे जहाज फुटल्याची नोंद, उघडून दोघं मिळून वाचा. शेवटचा वार कुणाचा हे सोडा. हल्लेखोर किती, कुठल्या जहाजांत, त्यांत पॉइंट कुणाकडे असेल, आणि आपल्या यादीतलं कुठलं सामान त्या वेळी चालूच नव्हतं, हे बघा. बहुतेक वेळा उत्तर इंजिनच्या ओळीत सापडतं: बसवलेलं होतं, दाबलं नव्हतं. मग दुसरं फ्रिगेट बाहेर काढा.